जैसलमेरला जा, पण वाळूसाठी नको

जैसलमेरच्या सहलीचा आराखडा बहुतेक घरांत एकच असतो. सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, संध्याकाळी समच्या टेकड्यांवर उंटाची फेरी, रात्री तंबूसमोर नाचगाणे आणि दुसऱ्या दिवशी परतीचा रस्ता. ज्या समला आपण उंटावर बसायला जातो, त्याच्या दक्षिणेला ३१६२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय मरू उद्यान पसरलेले आहे. मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतात त्याच्या पाचपटीहून मोठे, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत विभागलेले. माणसे त्याच्या उंबऱ्यापर्यंत येतात, वाळूत फोटो काढतात आणि आत न डोकावता परततात.

आत काय आहे? मुख्य म्हणजे गवत. या उद्यानात वाळूच्या टेकड्यांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी सगळी खडकाळ पठारे, बारीक खड्यांची सपाट जमीन, आणि मैलोन् मैल सेवण गवताचे ठोंब. मधूनच खेजडीचे झाड, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. कुठे कैराची पाने नसलेली हिरवी झुडपे, कुठे फोग, कुठे रुई. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आगेमागे आणि तोही लहरी. तेवढ्यावर हे गवत तगते, त्यावर मेंढ्या आणि थारपारकर गाई जगतात, आणि त्यातच माळढोक अंडे घालतो. वाळू बघायला जाल तर अर्ध्या तासात कंटाळाल. गवत बघायला जाल तर दोन दिवस पुरणार नाहीत, असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे सल्ले त्या मताला धरूनच आहेत.

आधी एक अपेक्षा घरी ठेवून निघा. हे ताडोबा नाही. कमानीचे दार, सकाळ-संध्याकाळची पाळी, ठरावीक जिप्सी, बफर आणि कोअर अशी घडी इथे शोधू नका. नाव राष्ट्रीय उद्यान असले तरी १९८० मध्ये निघालेली अधिसूचना अभयारण्याची आहे, आणि उद्यानाच्या हद्दीत कित्येक गावे आणि ढाण्या आहेत. ढाणी म्हणजे चार-सहा घरांची वस्ती. त्यामुळे तुम्हाला चिंकारा दिसेल आणि त्याच चौकटीत एखादा मेंढपाळही दिसेल. हे काही उद्यानाचे वैगुण्य नाही. इथली गावे देवीच्या नावाने राखलेली ओरणे पिढ्यान् पिढ्या सांभाळत आली आहेत. आपल्याकडच्या देवराया झाडांच्या असतात, तिथल्या बऱ्याचशा गवताच्या आणि खेजडीच्या. त्या ओरणांतून तुमची जीप न्यायची की नाही, हा निर्णय गावाचा असतो. विचारल्याशिवाय नेऊ नका.

पर्यटकाला प्रत्यक्ष जाता येते ते मुख्यत्वे सुदासरीच्या बाजूला. समच्या दक्षिणेकडे वनखात्याने कुंपण घालून राखलेले हे क्षेत्र आहे. परवानगी जैसलमेर शहरातल्या वनखात्याच्या कार्यालयातून घ्यावी लागते. शुल्क, वेळा, कोणता भाग उघडा आणि कोणता बंद हे हंगामागणिक बदलते, म्हणून आदल्या दिवशी कार्यालयीन वेळेत स्वतः जाऊन किंवा मुक्कामाच्या यजमानाकरवी चौकशी करा. रविवारी पोहोचून सोमवारी पहाटे निघण्याचा बेत आखू नका, कारण रविवारी कार्यालय बंद. आधार कार्डाची मूळ प्रत प्रत्येकाजवळ हवी. हा सीमावर्ती जिल्हा आहे. पश्चिमेकडच्या काही भागांत जायला वेगळी परवानगी लागते, रस्त्यात विचारपूस होते, आणि ड्रोन बरोबर नेण्याचा विचारही करू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांच्यासाठीचे नियम आधीच विचारून घ्या. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलेला बरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जाण्याचा काळ. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा जाऊ नका एवढेच सांगतो. पावसाळ्याच्या सुमारास सेवण हिरवे होते आणि दृश्य देखणे असते. पण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा काळ माळढोकाच्या विणीचा असतो. त्या दिवसांत त्याच्या वाटेला न गेलेलेच चांगले. हिवाळ्यात मध्य आशियातून गरुड, गिधाडे, तिलोर, पखुर्ड्या येतात, गवत पिवळे आणि आखूड असते, आणि दूरवरचे दिसते. थंडीला मात्र हसू नका. दुपारी सदऱ्यावर बसणारी माणसे पहाटेच्या उघड्या जीपमध्ये काकडतात. थर्मल, कानटोपी, हातमोजे आणि अंगावर घ्यायला एक घोंगडी, असे सगळे लागते. शिवाय जैसलमेर आपल्यापेक्षा पश्चिमेला आहे, डिसेंबरअखेर तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. पुण्या-मुंबईच्या सवयीने पाचला निघालात तर दोन तास अंधारात कुडकुडत बसाल. साडेसहाच्या सुमारास मुक्काम सोडला तरी चालते.

मुक्काम कुठे करावा यावर मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. समचे तंबू सोयीचे आहेत, जेवण भरपूर असते, मुले खूष होतात. पण रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक चालतात, दिव्यांच्या झोतात तारे दिसत नाहीत आणि पहाटे उठायचे म्हटले की डोके जड झालेले असते. उद्यानासाठी जाणाऱ्याने खुडीच्या बाजूला किंवा एखाद्या गावातल्या घरगुती मुक्कामात राहावे. समपेक्षा खुडी शांत आहे, तिथेही टेकड्या आहेतच. ठरवताना एकच प्रश्न विचारा: रात्री दहानंतर गाणी वाजतात का? उत्तर गोलमोल आले तर दुसरे ठिकाण बघा.

जीप आणि वाटाड्या यांत वाटाड्या आधी ठरवा. चालक रस्ता ओळखतो. पक्षी ओळखणारा माणूस वेगळा असतो आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते द्या. तोच तुम्हाला सांगेल की आज मेलेले जनावर कुठल्या गावाबाहेर टाकले आहे, म्हणजे गिधाडे कुठे बसली असतील. त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा: आम्हाला गोडावण दिसलाच पाहिजे असा आग्रह नाही, जवळ जायचे नाही, ठरलेली वाट सोडायची नाही. तिकडे माळढोकाला गोडावण म्हणतात, १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. आग्रह नाही हे ऐकल्यावर चांगला वाटाड्या मोकळा होतो. नाहीतर गिऱ्हाईक नाराज होईल या धास्तीने तो सगळी सकाळ एकाच पक्ष्याच्या मागे गाडी पळवतो.

माळढोकाबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्याला तो परका नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. एके काळी तिथे हमखास दिसणारा हा पक्षी आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. जगात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. काही या उद्यानात, काही पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्रात. तोफगोळ्यांच्या मैदानात पक्षी सुरक्षित राहतो याचे आश्चर्य वाटते, पण तिथे एरवी माणूस फिरकत नाही हे त्याचे साधे कारण आहे.

मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. तिला उठवले की अंडे उघडे पडते. कुत्रा, कोल्हा, घोरपड, डोमकावळा यांपैकी कोणीही ते पाच मिनिटांत संपवू शकतो, आणि कुत्री आपल्या खरकट्यामागे येतात. म्हणून अंतराचा नियम मी असा सांगेन: पक्ष्याने चरणे थांबवून मान उंच केली म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. इंजिन बंद करा, बसून राहा. तो चालू लागला तर पाठीमागे जाऊ नका. विणीच्या काळात घरट्याच्या आसपासही नको. मोबाइलवर आवाज वाजवून कोणताही पक्षी बोलावू नका. आणि फोटो मिळालाच तर त्यावरचे स्थळदर्शक काढून टाका, गावाचे नाव न लिहिता तो लोकांना दाखवा.

जैसलमेरला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि सौर पटांगणे दिसतात, त्यांच्यामधून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या असतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचे त्याला फार थोडे दिसते, आणि अंग इतके जड की ऐनवेळी वळता येत नाही. तो तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या भागातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. कोळशाऐवजी सूर्य आणि वारा हवा हेही खरे आणि हा पक्षी हवा हेही खरे, त्यामुळे हा वाद सोपा नाही. सम येथे २०१९ पासून भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थान वनखाते मिळून या पक्ष्याचे प्रजनन केंद्र चालवतात. तिथे कृत्रिम रेतनाने २०२४ मध्ये पिल्लूही जन्मले. ते केंद्र बघायला मिळावे म्हणून ओळखी काढू नका. ते सहलीसाठी नाही.

आता सकाळ कशी घालवायची ते सांगतो. सूर्य वर आल्यापासून साधारण दहापर्यंतचे तीन तास खरे. त्यानंतर जमीन तापून हवा हलू लागते, दुर्बिणीतून पाहिलेले सगळे पाण्यात पडल्यासारखे थरथरते. चारशे मीटरवरची गाय आणि माळढोक यांत फरक कळेनासा होतो, फोटो तर हमखास फसतात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची असली तरी पुरे. तिपाईवर लावायची स्पॉटिंग स्कोप कोणाकडे असेल तर ती मात्र जरूर घ्या, कारण इथे सगळे लांबूनच बघायचे आहे. जीप थांबवा, इंजिन बंद करा आणि क्षितिज डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा. पहिल्या फेरीत काही दिसणार नाही. दुसऱ्या फेरीत दिसलेला दगड मान हलवतो आणि तो चिंकारा निघतो. हे प्राणी पाण्यावाचून दीर्घकाळ राहतात, झुडपांच्या पाल्यातून आणि दवातून त्यांना पुरेसे पाणी मिळते. अशी नजर आधी तयार करून जायची असेल तर बारामती तालुक्यातल्या सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य त्यासाठी उत्तम. चिंकारे तिथेही आहेत आणि पुण्याहून एका सकाळीत जाऊन येता येते.

नऊच्या सुमारास गुरांच्या पाण्याच्या हौदापासून थोडे दूर थांबा. पखुर्ड्या (सँडग्राउज) थव्याने पाण्यावर उतरतात. येताना त्यांचा आवाज आधी ऐकू येतो. पाणी पिणे काही सेकंदांचे असते आणि थवा उडून जातो, तेव्हा कॅमेरा तयार ठेवून गप्पा बंद करायच्या. विणीच्या काळात नर पोटाची पिसे भिजवून दूरच्या पिल्लांना पाणी नेतो. हिवाळ्यात ते दिसणार नाही, पण त्या पोटाकडे नीट बघा.

मोकळ्या खड्यांच्या जमिनीवर पाच पावले पळून थांबणारा, पुन्हा पाच पावले पळणारा वाळूच्या रंगाचा पक्षी दिसला तर तो धाविक. झुडपाच्या शेंड्यावर बसून जमिनीवर झेप घेणारा पांढऱ्या भुवईचा गप्पीदास बघायला देशभरातले पक्षिमित्र इथे येतात. चंडोलांच्या नावांत पहिल्या भेटीत अडकू नका, डोके फिरेल. गिधाडांना मात्र वेळ द्या. आपल्याकडे एखादे गिधाड दिसले तरी चर्चा होते. इथे एका मेलेल्या जनावराभोवती पांढरे गिधाड, ग्रिफन, प्रचंड मोठे काळे गिधाड आणि नशीब असेल तर लाल डोक्याचे राज गिधाड एकत्र बघायला मिळते. वास सहन करावा लागतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिलात तर सोपे जाते, फक्त गिधाडे बिथरणार नाहीत इतके अंतर ठेवा.

दहानंतर जमिनीकडे वळा. थंडीतही ऊन चढले की सांडे बिळाच्या तोंडाशी येऊन बसतात. काटेरी शेपटीची, गवत खाणारी ही घोरपडीसारखी सरड्याची जात गरुड-शिकऱ्यांचे मुख्य अन्न आहे. तिच्या तेलाच्या खोट्या औषधी गुणांपायी माणूसही तिला मारत आला. शहरात कोणी सांड्याचे तेल विकायला आले तर सरळ नाही म्हणा, तो गुन्हा आहे. बिळांच्या वसाहतीतून चालू नका, जमीन खचते. वाळूवरचे ठसे वाचायला हीच वेळ. मरुकोल्हा, रानमांजर, उंदीर, शेणकिड्याची नक्षी. तासाभरात वारा सगळे पुसतो.

पायांबद्दल दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या. पहिली भुरट. या गवताची बारीक काटेरी बोंडे मोज्यांत, नाडीत, लोकरी शालीत अशी घुसतात की रात्री तासभर उपटत बसावे लागते. लोकरीचे आणि विणलेले कापड पायाशी नको, गुळगुळीत जाड सुती विजार आणि घोट्यावर चढणारे बूट हवेत. लहान चिमटा खिशात ठेवा. दुसरी गोष्ट फुरसे हा साप. कोकणातल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. हिवाळ्यात तो सुस्त असतो, पण असतो. रात्री चपलेवर तंबूबाहेर जायचे नाही, टॉर्च पायांपुढे धरायचा, सकाळी बूट झटकून घालायचे, झुडपाखाली किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. कोणाला चावलाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता चावलेला अवयव हलू न देता सरळ जैसलमेरच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरायचा.

पाणी प्रत्येकी तीन लिटर, रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. धुळीसाठी मोठा सुती रुमाल. उघड्यावर कॅमेऱ्याची लेन्स बदलायची नाही. स्वतःची मोटार घेऊन गेलात तर ती डांबरी रस्त्यावरच ठेवा. चाक रुतेल हे त्याचे एक कारण, आणि चाकाखाली गेलेला सेवणचा जुना ठोंब पुन्हा भरायला कित्येक पावसाळे लागतात हे दुसरे.

ढाणीवर चहाला बोलावले तर जा. मुले फोटोसाठी उभी राहतील, बायका तोंडावर पदर घेतील. त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि नकार आला तर हसून सोडून द्या. जेवायला कैर-सांगरी, बाजरीचा सोगरा आणि ताक मिळाले तर हॉटेलातली थाळी विसरा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. हात धुताना पाण्याकडे लक्ष असू द्या. इंदिरा गांधी कालव्याने जिल्ह्याचा काही भाग बदलला असला तरी टाक्यात साठवलेले पावसाचे पाणी अजूनही अनेक घरांत मोजून वापरतात. पैसे देऊ केलेत तर यजमान बहुधा घेणार नाहीत. चहापत्ती, साखर किंवा मुलांसाठी वह्या न्या, ते चालते.

दुपारचे चार तास रिकामे असतात, त्यांत आकल करून टाका. जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला, उघड्या टेकाडावर दगड झालेले वृक्ष पडले आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. आता कुसळ उगवायला मारामार असलेल्या या जमिनीवर तेव्हा दमट जंगल होते. सावली अजिबात नाही, टोपी विसरू नका, आणि खडा उचलून खिशात घालण्याचा मोह मुलांना होणार हे गृहीत धरून आधीच सांगून ठेवा.

परतताना जोधपूरपर्यंत सरळ जाण्याऐवजी फलोदीला उतरावे असे सुचवतो. जैसलमेर-जोधपूर लोहमार्गावरच ते आहे आणि तिथून खिचन गाव अगदी जवळ. कांड्या करकोचे, तिकडच्या बोलीत कुरजां, हिवाळाभर तिथे हजारोंनी असतात आणि गावकरी त्यांना रोज सकाळी धान्य घालतात. २०२५ मध्ये खिचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दाण्यावर थवे उतरतात ते सकाळीच, म्हणून आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करायचा. चुग्गाघर म्हणजे दाणे घालण्याचे आवार; त्याच्या शेजारच्या घरांच्या गच्च्यांवरून सगळे छान दिसते, पण गच्ची कोणाच्या तरी घराची आहे, वर जाण्याआधी विचारायचे. दहाच्या सुमारास पक्षी तळ्याकडे जातात. तोपर्यंत पाहून घ्या, दुपारची गाडी धरा, संध्याकाळपर्यंत जोधपूर गाठता येते आणि तिथून मुंबईकडे रात्रीची गाडी मिळते. त्या गाडीचे आरक्षण मात्र हिवाळ्याच्या सुट्यांत फार लवकर संपते. परतीची तिकिटे जाण्याच्या तिकिटांबरोबरच काढा.